कमांडरसाहेबांना सलामी

वांगरेवाडीत घरटी एक माणूस फौजेत, यात कुणाला नवल वाटत नाही. कुंडलकडून गावात शिरा आणि कुठल्याही दारात हाक मारा, आतून एखादा हवालदार नाहीतर सुभेदार मिशीवर हात फिरवत बाहेर येणारच. पण पाणबुडीत गेलेला माणूस अख्ख्या पंचक्रोशीत एकच, कमांडर लालासाहेब निकम, वीरचक्र. गावाला त्यांचा अभिमान किती, तर शालूबाईंनी त्या अभिमानापुढं शेवटी हात टेकले.

शालूबाई म्हणजे कमांडरसाहेबांच्या मंडळी. माहेर इस्लामपूरचं. लग्न ठरलं तेव्हा आळीतल्या बायकांनी विचारलं, नवरा काय करतो गं? शालूनं सांगितलं, पाण्याखाली असतो. त्यावर एक म्हातारी म्हणाली होती, म्हणजे विहिरी काढतो व्हय, बरं हाय, पोटाला कमी पडायचं न्हाई. हे ऐकून लालासाहेब इतके हसले होते, की पुढं पन्नास वर्षं कुठल्याही पार्टीत ओळख करून देताना ते सांगायचे, मी निकम, विहिरी काढतो.

खरं तर विहिरीपासूनच सगळं सुरू झालं होतं. निकमांच्या मळ्यातल्या विहिरीत हे पोरगं सूर मारायचं ते तळाचा चिखल मुठीत घेऊनच वर यायचं, आणि लवकर यायचंच नाही. आई काठावर बसून बोंबलायची. बाप, दोन चुलते, थोरला भाऊ, सगळे पायदळातले. धाकट्यानं नेव्हीत जायचं म्हटलं तेव्हा बाप म्हणाला, "निकमाचं पोर जमिनीवर मरावं. पाण्यात मेलं तर दगड कुठं बसवायचा आमी?" पोरगं ऐकेना. रशियात जाऊन, बर्फात राहून, तिथली भाषा शिकून पाणबुडी चालवायला शिकलं. मग शालूशी लग्न, मग विशाखापट्टणमचं क्वार्टर, आणि मग एकाहत्तरचा डिसेंबर.

त्या डिसेंबरात काय झालं ते लालासाहेबांनी बायकोला एकदाच सांगितलं, गच्चीत बसून, आवाज न चढवता. पाणबुडी समुद्राच्या तळाला टेकवून ठेवलेली. वर शत्रूचं जहाज घिरट्या घालतंय आणि पाणबॉम्ब सोडतंय. पहिल्याच हादऱ्यात कॅप्टनच्या डोक्याला पाइप लागला आणि ते बेशुद्ध पडले. तिशीतले लालासाहेब दुय्यम अधिकारी, सगळी सूत्रं त्यांच्याकडं आली. खाली असताना वाचायचा एकच मार्ग, आवाज करायचा नाही. पंखे बंद, बूट काढलेले, स्वयंपाकघरातली भांडी टॉवेलात गुंडाळलेली. खोकला आला तर उशीत तोंड खुपसायचं. हवा संपत आलेली, घामाच्या धारा, आणि वरून धडाका चालूच. लालासाहेब नुसत्या पायमोज्यांवर एकेका पोराजवळ जाऊन त्याच्या खांद्यावर हात ठेवत फिरत होते. जहाज कंटाळून गेलं, तेव्हा त्यांनी पाणबुडी वर काढली आणि सगळ्यांना जितं घरी आणलं. वीरचक्र घ्यायला दिल्लीला गेले तेव्हा बाप फेटा बांधून बरोबर होता. पुढं स्वतःची पाणबुडी मिळाली, मग नव्या पोरांना शिकवायचं काम, मग निवृत्ती. सरळ, भरलेलं आयुष्य. तोंडभर हसणारा माणूस.

आणि मग ते विसरायला लागले.

आधी किल्ल्या, मग पुण्यातल्या घरचा रस्ता. मग वर्षंच्या वर्षं जायला लागली, आणि तीसुद्धा अलीकडची आधी. नातवंडं गेली, निवृत्ती गेली. सांगलीच्या डॉक्टरांनी सांगितलं, शांत जागी ठेवा, रोजचं तेच माणूस, तोच दिनक्रम, आणि मोठा आवाज, धक्का अजिबात नको. म्हणून शालूबाई त्यांना घेऊन वांगरेवाडीच्या मळ्यात आल्या. चारी बाजूंनी ऊस, मधे चार खोल्यांचं सिमेंटचं घर. अजून शुद्ध होती तेव्हा लालासाहेबांनी एकच गोष्ट मागून घेतली. "शालू, गावात कळू देऊ नको. माझ्याकडं कीव करून कुणी बघितलेलं मला चालणार नाही." शालूबाई हो म्हणाल्या. नाही कसं म्हणणार? गावात सांगितलं, वय झालंय, कानानं कमी ऐकू येतं, फारसं बोलत नाहीत. गाव म्हणालं, एवढा मोठा माणूस, बोलणार तरी किती.

गेल्या गणपतीत शेजारच्या वाडीची मिरवणूक मळ्याच्या रस्त्यानं गेली. डॉल्बी लावलेली. आता ही डॉल्बी काय चीज आहे ते सातारा-सांगलीच्या माणसाला सांगायला नको. घराची तावदानं थरथरतात, छातीत काळीज जागेवर राहत नाही. लालासाहेबांनी बूट काढले, दिवे घालवले आणि कोपऱ्यात गप्प बसून राहिले. दिवसांमागून दिवस. खाणं नाही, शब्द नाही. शेवटी उठले तेव्हा मुलगा ऋषिराज पुण्याहून धावत आलेला समोर उभा होता. त्याच्याकडं बघून अगदी अदबीनं म्हणाले, "शालू, हे गृहस्थ कोण?"

ऋषिराज बाहेर जाऊन उसात तोंड घालून रडला. डॉक्टर म्हणाले, "असा धक्का बसला की एक पायरी खाली जातात. गेलेली पायरी परत मिळत नाही. पुढचा धक्का बसू देऊ नका."

म्हणजे आता उरली एकटी शालू. सकाळी डोळे उघडले की ते म्हणायचे, "शालू, चहा." दोनच शब्द. पण त्या दोन शब्दांवर शालूबाईंचा अख्खा दिवस निघायचा. आणि ते दोन शब्द राखायला त्या बाईनं काय केलं नाही? घरातला कुकर बंद केला, भात पातेल्यात शिजायला लागला. दारावरची घंटी काढून टाकली. हाताखाली हरणाबाई होती, आटपाडीकडची, मेंढरं राखून मोठी झालेली धिप्पाड बाई. तिनं डब्यांच्या झाकणांखाली फडकी घातली आणि स्वतः अनवाणी वावरायला लागली. उसाचा हंगाम सुरू झाला की ट्रॅक्टरवाले टेप फुल लावून जातात, त्यांना शालूबाई स्वतः रस्त्यावर जाऊन भेटल्या. "बाळांनो, साहेब झोपलेले असतात रे." पोरं एवढी गुणाची, की मळ्याचा बांध आला की टेप बंद करायची आणि पुढं गेली की लावायची. माणसं वाईट नव्हतीच हो. वाईट असती तर भांडता तरी आलं असतं.

एक दिवस सरपंच आला. सरपंच म्हणजे दिग्विजय, लालासाहेबांच्या चुलतभावाचा मुलगा, पस्तिशीचा, पांढरा शर्ट, हातात दोन मोबाइल. बरोबर बाळासो, तोफखान्यातून निवृत्त झालेला सुभेदार, माजी सैनिक संघटनेचा अध्यक्ष. पायातल्या चपला बाहेर काढून दोघं सोप्यात बसले. लालासाहेब आत खिडकीपाशी उसाकडं बघत होते. बाळासोनं दारातनंच त्यांना कडक सॅल्यूट ठोकला. लालासाहेबांचा हात आपोआप कपाळाला गेला. बाळासोचे डोळे भरून आले.

"काकी," दिग्विजय म्हणाला, "ठराव झालाय. गावाच्या शिवंवर कमान बांधून तयार हाय. वीरचक्र कमांडर लालासाहेब निकम प्रवेशद्वार. उद्घाटनाला मोठं पाव्हणं येणार. आन् तात्यांची मिरवणूक काढायची, ट्रॅक्टर सजवून. डॉल्बी बोलावलीया, जिल्ह्यात एक नंबर."

शालूबाईंनी हातातला चहाचा कप खाली ठेवला.

"मिरवणूक नको रे दिग्विजय. त्यांना बसवत नाही एवढा वेळ."

"बरं, मग फोटोची काढू. आन् तिथनं सगळ्यांनी हितं मळ्यात यायचं, तात्यांचा सत्कार अंगणात. मग तर झालं?"

"आणि डॉल्बी नको."

दिग्विजयनं हातातले दोन्ही मोबाइल खाली ठेवले. डॉल्बी नको म्हणजे गावातल्या पोरांना काय सांगायचं, हा प्रश्न त्याच्या तोंडावर स्पष्ट दिसत होता. शालूबाईंना वाटलं, सांगून टाकावं. एका वाक्यात सांगून होण्यासारखं होतं. पण आतून लालासाहेबांच्या खोकल्याचा आवाज आला, त्यांना दिलेला शब्द आठवला, आणि त्यांच्या तोंडून भलतंच निघालं.

"त्यांना तसलं शोभत नाही रे. नाचगाणं, धांगडधिंगा. फौजी माणूस आहे. फौजी माणसाचा मान फौजी रीतीनं व्हावा."

हे ऐकून बाळासो ताठ बसला. तो दिग्विजयला म्हणाला, "वैनी बोलल्या ते सोळा आणे खरं हाय. मी तुला तवाच म्हणलं हुतं का न्हाई? ज्यानं देशासाठी जीव पणाला लावला, त्येच्या म्होरं काय पोरं कंबर हलवणार? डॉल्बी कॅन्सल."

"कॅन्सल," दिग्विजय म्हणाला. "काकी, तुमचा शब्द म्हंजी शब्द. काळजी सोडा."

ते गेल्यावर शालूबाईंनी हरणाबाईला सांगून शिरा केला. कित्येक महिन्यांत त्या घरात गोड झालं नव्हतं. किती सहज झालं सगळं, असं त्यांना वाटलं. उगीच आपण धास्ती घेतली. लालासाहेबांनी शिरा मागून घेतला आणि म्हणाले, "शालू, तुझ्या आईसारखा झालाय." त्या माऊलीला काय ठाऊक, की तिचं वाक्य बाळासोच्या डोक्यात जाऊन बसलंय आणि तिथं त्याला पालवी फुटायला लागलीय.

समारंभाच्या सकाळी शालूबाईंनी लालासाहेबांना निळा ब्लेझर घातला, छातीवर मेडल लावली. दाढी गुळगुळीत. इतके देखणे दिसत होते, की हरणाबाईनं दारातनंच दृष्ट काढत कानशिलावर बोटं मोडली. "सायब आज नवरदेव दिसत्यात बाईसाब." लालासाहेब हसले. "शालू, कुणाचं लग्न आहे?" शालूबाई म्हणाल्या, "आपलंच." त्यावर ते आणखी हसले. त्यांनी बायकोचा हात हातात घेऊन थोडा वेळ तसाच ठेवला.

स्वयंपाकघराच्या खिडकीतून अंगणापलीकडं काही माणसं कुदळीनं खड्डे घेताना दिसत होती. मांडवाचे खांब पुरत असतील, असं शालूबाईंना वाटलं. गावाकडून हलगी ऐकू येत होती, पण लांबून, सोसवेल इतकीच. त्या पोहे परतत होत्या. पुन्हा बघितलं तर खड्ड्यांत खांब नव्हते. माणसं त्यात लोखंडाची जाड भांडी पुरत होती, तोंड आभाळाकडं करून, आणि एकजण लाकडी दांड्यानं त्यात काहीतरी ठासत होता.

उखळी. जत्रेत देवाची पालखी उठली की उडवतात त्या. दारू गच्च ठासलेल्या. तीन गावं पलीकडं आवाज जातो आणि पायाखालची जमीन हलते.

शालूबाईंनी गॅस घालवला की नाही तेही त्यांना कळलं नाही. तशाच, हातात झारा घेऊन त्या अंगणात गेल्या. बाळासो तिथं होता, डोक्याला बेरे टोपी, छातीवर मेडल, इस्त्रीची पँट. त्यांना बघून तो खुलला.

"बघा वैनी, तुमच्या मनासारखं केलंय सगळं. फौजी रीत म्हणालासा न्हवं? तोफांची सलामी. आता खरी तोफ कुठनं आणायची, म्हणून उखळी. जत्रेचा माणूस बोलावलाय, हात बसलेला हाय त्येचा. तिकडं पाव्हण्यांनी कमानीचा पडदा वढला की दिग्विजय मला फोन करणार, की हिकडं सलामी. सगळा खर्च आमी माजी सैनिकांनी केलाय, गावाचा एक पैसा न्हाई घेतला."

"बाळासो भावजी, हे नको. काढा हे."

"आवं, का?"

"त्यांना सोसत नाही."

"काय सोसत न्हाई?"

शालूबाईंनी मागं वळून घराकडं बघितलं. मग दिलेला शब्द मोडला. "त्यांना आवाज सोसत नाही. त्यांचं डोकं राहिलेलं नाही भावजी. सगळं विसरलेत. पोराला ओळखत नाहीत. मोठा आवाज झाला की त्यांना वाटतं, आपण खाली पाण्यात आहोत. मग वर येताना आणखी काहीतरी तिथंच राहून जातं. मी हात जोडते तुम्हाला."

आणि त्यांनी खरंच हात जोडले, झाऱ्यासकट.

बाळासोनं आधी इकडंतिकडं बघितलं, कुणी ऐकलं तर नाही ना. मग जवळ येऊन, अगदी मायेनं, आवाज खाली घेऊन तो म्हणाला, "वैनी, वय झालंय त्यांचं. इसरायला कुणाला हुत न्हाई? मलाबी चष्मा घावत न्हाई. पर असं चारचौघांत बोलू नका. ज्या माणसानं दुश्मनाचं बॉम्ब डोक्यावर घेटलं आन् डगमगला न्हाई, त्यो उखळीला भ्येतोय म्हणायचं? लोकांनी ऐकलं तर काय म्हणतील? त्या दिशी मी सॅल्यूट केला, कसा परत दिला बघितलासा न्हवं? वाघ हाय वाघ. तुमी बाईमाणूस, जीव तुटतोय तुमचा, मला कळतंय."

"भावजी, ऐका माझं—"

फोन वाजला. बाळासोनं कानाला लावला, "हां, हां" म्हणाला, आणि दुसरा हात वर केला.

आता या माणसावर रागवायचं तरी कसं, सांगा. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. शालूबाई पळाल्या. सत्तरी ओलांडलेली, गुडघे गेलेली बाई, पायातली चप्पल टाकून पळाली. त्या उंबऱ्यावर पोचल्या आणि पहिली उखळी उडाली.

जमीन हलली. कपाटातल्या कपबशा वाजल्या. पत्र्यावरचे पारवे उडाले. लालासाहेब खुर्चीत होते. त्यांनी मान वर करून छताकडं बघितलं, घाबरून नव्हे, अंदाज घेतल्यासारखं. शालूबाईंनी धावत जाऊन त्यांच्या दोन्ही कानांवर हात दाबले. त्यांनी ते हात हलकेच बाजूला केले आणि तोंडावर बोट ठेवलं.

दुसरी उडाली.

लालासाहेब उठले. एरवी त्यांना उठवायला दोन माणसं लागायची. खाली वाकून त्यांनी बूट काढले, नाडीची गाठ न चुकता सोडवली, आणि बूट भिंतीकडेला आवाज न करता ठेवले. पंख्याचं बटण बंद केलं. टीव्हीचं, दिव्याचं. स्वयंपाकघराच्या दारात हरणाबाई हातात ताटं घेऊन थिजली होती. तिच्या हातातून त्यांनी एकेक ताट घेतलं आणि टॉवेलावर ठेवलं. हरणाबाईच्या खांद्यावर हात ठेवून मान हलवली, घाबरू नको म्हणून. तिसरी उडाली, चौथी उडाली. भिंतीवरची लग्नाची तसबीर खाली आली, ती त्यांनी पडता पडता झेलली.

इतक्या वर्षांत शालूबाईंनी त्यांना असं कधी बघितलं नव्हतं. कसं बघणार? त्या तिथं नव्हत्याच. हात थरथरत नव्हते, नजर स्थिर होती. सगळं त्यांना ठाऊक होतं, पुढं काय करायचं, कुणाला धीर द्यायचा, कुठं उभं राहायचं. आणि शालूबाईंना हुंदका आला, मोठा.

लालासाहेब झटकन त्यांच्यापाशी आले, त्यांना जमिनीवर बसवलं आणि स्वतः शेजारी बसले. त्यांच्या तोंडावर हात ठेवला. हाताला दाब नव्हता. लहान लेकराला निजवताना ठेवतात तसा.

"श्श," ते कानाशी म्हणाले. "रडायचं नाही. आवाज वर जातो."

शालूबाईंनी मान हलवली. डोळ्यांतलं पाणी त्यांच्या हातावरून वाहत होतं.

"पहिलीच खेप का रे?"

शालूबाईंनी त्यांच्याकडं बघितलं. ते त्यांच्याकडंच बघत होते, पण कुणा पोराकडं बघावं तसं.

"अहो, मी शालू," त्या पुटपुटल्या.

पाचवी उडाली. त्यांनी ऐकलं नाही. "कुठला तू? गाव कुठलं?"

काय बोलणार? शालूबाईंच्या तोंडून खरं तेच निघालं. "इस्लामपूर."

"इस्लामपूर?" लालासाहेबांचं तोंड उजळलं. "अरे, आमची सासुरवाडी. बघ, कुठं भेटतोय आपण." त्यांनी शालूबाईंच्या पाठीवरून हात फिरवला. "हे जाईल निघून. मी तुला वर नेणार. सगळ्यांना नेणार. पण ऐक, तू सुट्टीवर आधी जाशील. गेलास की आमच्या घरी जा. माझी बायको आहे, शालू. तिला सांग, मी बरा आहे. फार काळजी करते ती. झोपत नाही. सांगशील?"

बाहेर सहावी उडाली, आणि माणसांनी टाळ्या वाजवल्या.

"सांगशील ना?"

"सांगतो सर," शालूबाई म्हणाल्या.

मग थांबलं सगळं. लालासाहेब कान देऊन बराच वेळ बसून राहिले. अंगणात माणसांचा गलका वाढत गेला, हलगी जवळ आली, कुणीतरी घोषणा द्यायला लागलं. दिग्विजय पाहुण्यांना घेऊन पोचला होता. लालासाहेब हळूच उठले, ब्लेझर खाली ओढून नीट केला आणि पायमोज्यांवरच दाराबाहेर गेले. उन्हात डोळे बारीक करून त्यांनी आभाळाकडं बघितलं. छाती भरून श्वास घेतला. समोर सगळं गाव. त्यांनी सॅल्यूट केला, असा, की बाळासोला आवरेना. तो लहान पोरासारखा रडायला लागला. एकेक म्हातारा फौजी पुढं येऊन सॅल्यूट करत होता आणि लालासाहेब प्रत्येकाच्या खांद्यावर हात ठेवत होते. "शाब्बास. सगळे आलात. शाब्बास."

"बघा वैनी," बाळासो डोळे पुसत म्हणाला. "बघा. मी काय म्हणलं हुतं?"

"काकी, तात्या एकदम फिट," दिग्विजय म्हणाला. "उगंच भ्यालासा तुमी."

गावातल्या बायकांनी आरतीचं ताट आणलं आणि कमांडरसाहेबांना आधी त्यांच्या मंडळींनी ओवाळावं म्हणून ते शालूबाईंच्या हातात दिलं. शालूबाईंनी त्यांना कुंकू लावलं, ओवाळलं. लालासाहेबांनी मान झुकवून दोन्ही हात जोडले.

"थँक यू, मॅडम. तुम्ही फार त्रास घेतलात."

बायका पदर तोंडाला लावून हसल्या. एकजण म्हणाली, सायबांची रीतच निराळी, बायकोला बी मॅडम म्हणत्यात. मोबाइलवर फोटो निघाले. पेढे वाटले. पाहुणे बोलले, पाणबुडीबद्दल बरंच चुकीचं बोलले, कुणी मनावर घेतलं नाही. उन्हं कलली तशी माणसं पांगली. बाळासोनं जाताना शालूबाईंना वाकून नमस्कार केला. या अंगणात आज देव बघितला, म्हणाला.

संध्याकाळी लालासाहेब व्हरांड्यात बसले होते. गळ्यात हार तसाच होता, काढू देत नव्हते. शेजारी दुसरी खुर्ची होती. शालूबाई चहा घेऊन आल्या, कप त्यांच्या हातात दिला आणि त्या खुर्चीत बसल्या. बसून थोडा वेळ त्यांच्याकडं बघत राहिल्या. म्हणतील, अजून म्हणतील, असं त्यांना वाटत होतं. चहाचा घोट घेतला की म्हणतील.

लालासाहेबांनी घोट घेतला. मग त्यांच्याकडं वळून, अवघडल्यासारखे, पण अगदी सभ्यपणानं म्हणाले, "बाई, राग मानू नका. ही खुर्ची जरा मोकळी ठेवता? शालू यायची आहे."

शालूबाई उठल्या.

"मी निरोप धाडलाय तिला," ते म्हणाले. "पोरगा चांगला आहे, इस्लामपूरचा. सांगितल्याबरोबर निघाली असेल ती."

"हो," शालूबाई म्हणाल्या. "येतीलच आता."

त्यांनी पदरानं खुर्ची पुसली, त्यांच्याजवळ थोडी सरकवून ठेवली, आणि त्या आत जाऊन दाराआड उभ्या राहिल्या.